दोन हंगाम

बीड जिल्ह्यात ‘हंगाम’ म्हटले की ‘कशाचा?’ असे कुणी विचारत नाही. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेतलेली असते. दसरा सरला की ट्रॉल्यांवर भांडीकुंडी, शेळ्या आणि पोरे चढतात आणि कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, सांगली-कोल्हापूर, सोलापूर, अहिल्यानगर, थेट कर्नाटकातल्या फडांकडे निघतात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, गावात उरतात ती म्हातारी माणसे आणि कुलूपबंद घरे.

नेमक्या याच महिन्यांत कोल्हापुरात दुसरा हंगाम रंगात येतो, फुटबॉलचा. छत्रपती शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ असे संघ उतरतात आणि त्यांच्यामागे पेठाच्या पेठा उभ्या राहतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० सालची. म्हणजे तिथल्या पोराला पुढचा सामना कधी, हे आजोबांच्या काळापासून ठाऊक आहे. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. स्टेडियमवर हा जल्लोष चालू असताना त्याच जिल्ह्यातल्या शिरोळ-हातकणंगल्याच्या फडांत बीडची त्याच वयाची पोरे पहाटेच्या थंडीत मोळ्या बांधत असतात. पायांत तीच ताकद, छातीत तोच दम. फरक एवढाच की एकाला खेळाचा हंगाम मिळाला आणि दुसऱ्याला उसाचा.

बीडच्या मातीत खेळाडू निपजत नाहीत असे म्हणण्याची कुणाची हिंमत होऊ नये. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये अवघ्या पाच शतांश सेकंदाने सुवर्णाला मुकला. पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने ८ मिनिटे १९.५० सेकंदांत सुवर्ण घेतले आणि २०२४मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८मध्ये राष्ट्रकुलचे सुवर्ण आणि २०१९मध्ये जागतिक कुस्तीचे कांस्य आणले. मूळची केज तालुक्यातल्या कळमअंब्याची प्रियंका इंगळे पहिल्या खो-खो विश्वचषकात भारतीय महिला संघाची कर्णधार होती. १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत या संघाने नेपाळला ७८-४० असे हरवले आणि साऱ्या स्पर्धेत एकही सामना न गमावता चषक उचलला.

ती तारीख बीडकरांनी जपून ठेवावी. त्याच्या अवघ्या एक्केचाळीस दिवस आधी, ९ डिसेंबरला, याच केज तालुक्यात मस्साजोगच्या सरपंचाची हत्या झाली होती. त्या दिवसांत बीडचे नाव राज्यभर ज्या संदर्भात घेतले जात होते, त्याने इथल्या साध्या, कष्टाळू माणसाची मान खाली गेली होती. ती वर उचलायला त्याच तालुक्याची लेक धावून आली. एका पोरीच्या संघाने जिल्ह्याला जे दिले, ते कुठल्याही सभेला देता आले नसते.

पण अभिमानाच्या या क्षणी एक गोष्ट स्वतःशी कबूल करायला हवी. यातले बहुतेक घडले ते बीड सोडल्यावर. साबळेला धावपटू केले लष्कराने. पाच महार रेजिमेंटमध्ये भरती होऊन, सियाचेनची चाकरी करून मग तो शर्यतीच्या वाटेला लागला. आवारेची कुस्ती पुण्याच्या तालमीत पक्की झाली. इंगळेचे खो-खो पिंपरी-चिंचवडच्या मैदानावर वाढले. वेगळे उदाहरण आहे सचिन धसचे. फेब्रुवारी २०२४मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ४ बाद ३२ अशी दैना झालेली असताना, त्याने ९६ धावा काढून भारताला अंतिम फेरीत नेले. हा पोरगा क्रिकेट शिकला तो बीड शहरातच. कारण तिथे त्याला रोज उभा राहणारा प्रशिक्षक मिळाला. घरच्या मैदानावर, घरच्या माणसाच्या हाताखाली खेळाडू घडू शकतो, याचा हा पुरावा आहे.

एकट्याच्या जिद्दीने एकटा खेळाडू वर येतो. संघ मात्र जिद्दीवर उभा राहत नाही, तो वेळापत्रकावर उभा राहतो. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यभर दहा लाख मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम झाला. हेतू उत्तमच होता. पण एका दिवसात चेंडू पायाला लागतो, खेळ अंगात मुरत नाही. तो मुरायला हरलेला सामना आठ दिवसांनी पुन्हा खेळावा लागतो. आपल्या महाविद्यालयांत नेमके हेच घडत नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुधा बाद पद्धतीच्या. महिनाभर कसाबसा सराव करायचा, रात्रीच्या एसटीने जायचे, पहिला सामना गमावला की वर्ष संपले. त्यात या स्पर्धा निम्म्या होत नाहीत तोवर दिवाळी येते आणि संघातला बचावपटू आईबापांबरोबर फडावर गेलेला असतो. नाव महाविद्यालयाच्या पटावर, हात कोयत्यावर.

म्हणून आमची मागणी साधी आहे. बीड जिल्ह्यातल्या महाविद्यालयांची स्वतःची साखळी स्पर्धा हवी आणि ती जुलै ते दसरा या काळात हवी. निसर्गही याला साथ देतो. वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात पावसाळ्यातही मैदान बहुतेक दिवस खेळण्याजोगे असते. दुष्काळाने इतके हिरावून घेतले, तेवढे तरी त्याच्याकडून वसूल करू. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई, केज, आष्टी इथल्या महाविद्यालयांनी फुटबॉल, खो-खो आणि कबड्डीचे संघ उतरवावेत. प्रत्येक संघाने प्रत्येकाशी खेळावे. फुटबॉलला मोठे मैदान लागते, पण खो-खोला २७ मीटर बाय १६ मीटरची जागा आणि दोन खांब पुरतात. गरिबीची सबब तिथे चालत नाही.

मुलींचा संघ यात आधी हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार जिल्ह्यातल्या २० ते २४ वयोगटातल्या दर शंभर महिलांपैकी त्रेचाळीसहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. पोरीला एकटीला मागे कुठे ठेवायचे, या धास्तीने तिचे हात पिवळे होतात आणि पुढच्या हंगामात नवा कोयता तयार होतो. वर्गातली एक मुलगी गैरहजर राहिली तर वहीत फुली पडते. संघातली मुलगी सरावाला आली नाही तर बाकीच्या जणी तिच्या दारात जाऊन उभ्या राहतात. तिच्यावाचून खेळ अडतो, हे तिला कळते आणि तिच्या घरालाही कळते. कायदा आणि पोलीस पोहोचण्याआधी मैत्रिणी पोहोचतात. ही ताकद आपण अजून वापरलेलीच नाही.

यासाठी नवे खाते नको, नवी योजनाही नको. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. तिच्यात राज्यातल्या ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे धरलेली आहेत. शाळकरी मुलांसाठीचा हा आधार महाविद्यालयात शिकणाऱ्या खेळाडूंपर्यंत वाढवावा आणि प्रत्येक वसतिगृहाला एक मैदान जोडून द्यावे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे पैसे घेण्याचे धोरण आहे. त्यातला थोडा वाटा चेंडूला, बुटांना, खेळाडूंच्या दूध-अंड्यांना मिळावा. ज्यांच्या घामावर राज्याची साखर गोड झाली, त्यांच्या पोरांवरचा हा उपकार नव्हे, ते देणे आहे. महाविद्यालयांनी क्रीडा संचालकाचे रिकामे पद आधी भरावे. मैदानावर मंगल कार्यालयाची गाडी लागू देऊ नये. विद्यापीठाने या साखळीतली कामगिरी आपला संघ निवडताना विचारात घ्यावी.

आणि अंतिम सामना दसऱ्याच्या आधी व्हावा. ट्रॉली भरण्याआधीचे ते चार दिवस प्रत्येक ऊसतोड घराला जड जातात. त्या दिवसांत आईबापांनी मैदानाच्या कडेला बसून आपल्या पोराला, आपल्या पोरीला खेळताना पाहावे. पाचशे माणसे आपल्या लेकराचे नाव घेऊन ओरडताहेत, हे एकदा त्यांच्या कानांवर पडू द्या. मग मुकादम दारात येईल तेव्हा कोयता दोघांचाच निघेल. पोर मागे राहील, कारण पुढच्या रविवारी सरावाला तिच्या संघाला ती हवी आहे.

बीडला तो दुसरा हंगाम द्या.