पांढरे कपाळ आणि कोमेजलेले मन

तंजावरच्या आसपासच्या कावेरीकाठच्या गावांत शुक्रवार हा बायकांच्या अभ्यंगस्नानाचा दिवस. तिळाचे तेल डोक्याला-अंगाला चोळायचे, शिकेकाईने केस धुवायचे, चेहऱ्याला हळद लावायची आणि ओलसर केसांत मोगऱ्याची माळ माळायची. दिवसभर चिखलात वाकून भाताची लावणी करणारी मजूर बाईसुद्धा बाजारातून माळ घ्यायला विसरत नाही. फुलवाली ती कोपरापासून बोटांपर्यंतच्या हाताने मोजून देते.

याला तिथे कुणी नट्टापट्टा म्हणत नाही. तो जगण्याचाच एक भाग आहे. डोक्याला तेल लावताना सासू सुनेची विचारपूस करते, वेणी घालताना बहिणी एकमेकींजवळ मन मोकळे करतात. शरीराची निगा राखता राखता मनाचीही निगा राखली जाते.

मात्र त्याच घरात पतीचे निधन झाले की दहाव्या-बाराव्या दिवसाच्या विधीत पत्नीच्या कपाळावरचे कुंकू पुसले जाते. बांगड्या जातात, गळ्यातली 'ताली' म्हणजे मंगळसूत्र जाते, फूल तर कायमचेच जाते. आता शहरांत आणि शिकलेल्या घरांत हे बरेच सैल झाले आहे, पण अनेक गावांत अजूनही चालते. दुःखाने आधीच खचलेल्या स्त्रीला तिने आता नीटनेटकेही दिसू नये, असेच जणू सांगितले जाते.

मन आणि आरसा

मन खचले की माणूस स्वतःकडे दुर्लक्ष करू लागतो. आंघोळीचा कंटाळा येतो, केस विंचरावेसे वाटत नाहीत, तेच कपडे अंगावर राहतात. नैराश्याच्या रुग्णांत डॉक्टर ही लक्षणे आवर्जून पाहतात. आणि हे चक्र उलटही फिरते. विस्कटलेल्या अवस्थेत माणूस चारचौघांत जायचे टाळतो, एकटा पडतो आणि मन अधिकच खचते.

म्हणूनच उपचारांत 'आधी बरे वाटू दे, मग उठेन' असे न म्हणता 'आधी उठा, मग हळूहळू बरे वाटेल' या मार्गाने जातात. ठरलेल्या वेळी आंघोळ, धुतलेले कपडे, केस विंचरणे, दहा मिनिटे बाहेर फिरणे अशा लहान कामांपासून सुरुवात होते. या एवढ्याने आजार पळून जात नाही, पण मनाला पाय टेकायला जागा मिळते. शोकात बुडालेल्या स्त्रीकडून रूढी नेमकी हीच जागा काढून घेते.

ऋषियूरची सुब्बलक्ष्मी

या रूढीचे सर्वांत क्रूर रूप म्हणजे केशवपन. ते प्रामुख्याने ब्राह्मण घरांत चाले आणि त्यातून लहान मुलीही सुटत नसत. तंजावर जिल्ह्यातल्या ऋषियूर गावचे सुब्रह्मण्य अय्यर यांची मुलगी सुब्बलक्ष्मी हिचा जन्म 1886 चा. अकराव्या वर्षाच्या सुमारास तिचे लग्न झाले आणि लवकरच ती विधवा झाली. वडिलांनी आणि घरातल्या माणसांनी तिचे केस काढू दिले नाहीत, तिला कोपऱ्यात बसवले नाही, तर शिकवले. लोकांची नाराजी त्यांनी सोसली.

सुब्बलक्ष्मी 1911 मध्ये मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदवीधर झाली. पुढे बालविधवांसाठी वसतिगृह उघडून तिने त्यांना शिक्षिका बनवले. मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या 'आइस हाऊस' या इमारतीत या मुली राहू लागल्या. 'सिस्टर सुब्बलक्ष्मी' या नावाने ती ओळखली गेली आणि 1958 मध्ये तिला पद्मश्री मिळाली.

स्वतः सुब्बलक्ष्मी साधीच राहत असे. म्हणजे प्रश्न दागिन्यांचा किंवा रंगीत साडीचा नव्हता. कसे दिसायचे हे कुणी ठरवायचे, हा प्रश्न होता. कुणी विद्रूप केल्याने विरूप होणे वेगळे आणि आपल्या मर्जीने साधे राहणे वेगळे.

महाराष्ट्रात काय घडले?

1676 पासून 1855 पर्यंत तंजावरवर भोसल्यांचे राज्य होते आणि आजही तिथे मराठी बोलणारी घराणी आहेत. रूढींच्या बाबतीत मात्र दोन्ही प्रदेश सारखेच मागे राहिले. मुंबईत 1890 च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी बांधवांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालवण्याचा निर्धार केला. ज्यांची त्यावर रोजी होती त्यांनीच नकार द्यावा, ही मोठीच गोष्ट.

तरीही कुंकू पुसण्याची आणि बांगड्या फोडण्याची प्रथा संपायला फार काळ लागला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव करून या प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसे आवाहन केले. ठरावाने प्रथा एका रात्रीत मरत नाही, पण नको म्हणणाऱ्या स्त्रीच्या पाठीशी गाव उभे राहते.

घरच्यांनी काय करावे?

घरात असा प्रसंग आला तर वडीलधाऱ्या स्त्रियांनीच पुढे व्हावे. 'तुला हवे तर टिकली लाव, नको तर नको' एवढे एक वाक्य पुरे. तिला सक्तीने सजवू नये, शोकाला त्याचा वेळ द्यावा. पण तिच्या डोक्याला तेल लावावे, सणाला तिच्यासाठीही साडी घ्यावी आणि हळदीकुंकवाला तिलाही बोलवावे.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. उन्हात राबणाऱ्या मुलीने गोरेपणाच्या क्रीमवर मजुरी उधळावी, ही रूपाची निगा नव्हे. ती स्वतःबद्दलची नाराजी आहे आणि त्यावर कुणीतरी धंदा करते. स्वच्छ, नीटनेटके आणि आपल्याला आवडेल असे राहणे मनाला बळ देते. दुसऱ्यासारखे दिसण्याची धडपड मात्र ते बळ काढून घेते.

आणि घरातली कोणतीही व्यक्ती, स्त्री असो वा पुरुष, दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास राहू लागली, झोप-जेवण बिघडले, आंघोळ-कपड्यांकडे लक्ष उरले नाही, तर 'आळशी झाली' असा शिक्का मारू नये. डॉक्टरकडे न्यावे. सरकारच्या 'टेली मानस' सेवेचा 14416 हा क्रमांक 2022 पासून विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. जीव द्यावासा वाटतो, असे कुणी बोलले तर एक दिवसही थांबू नये.

पती गेल्याचे दुःख कुणीच वाटून घेऊ शकत नाही. निदान आरशासमोर उभे राहण्याचा तिचा हक्क तरी घरच्यांनी हिरावू नये.