केम्पनर यांचा भात आणि औषधद्वेष्ट्यांचा इतिहास

१/ ‘एका डॉक्टरने नुसत्या भाताने रक्तदाब बरा केला आणि औषध कंपन्यांनी तो शोध दडपला.’ ही कथा समाजमाध्यमांवर मोठ्या आवेशाने सांगितली जाते. तिचा पूर्वार्ध अर्धसत्य आहे आणि उत्तरार्ध असत्य. म्हणून हा धागा.

२/ डॉ. वॉल्टर केम्पनर (१९०३–१९९७) मूळचे बर्लिनचे. आई लिडिया राबिनोविच-केम्पनर नामवंत जीवाणुशास्त्रज्ञ. नोबेलविजेते ऑटो वारबुर्ग यांच्या हाताखाली केम्पनर पेशींचे श्वसन अभ्यासत होते. नाझी राजवटीत ज्यू वंशाच्या संशोधकाला थारा उरला नाही. १९३४ मध्ये ते अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात आले.

३/ तेव्हा तीव्र रक्तदाबावर परिणामकारक औषधच नव्हते. मार्च १९४४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब १८६/१०८ भरला. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. राष्ट्राध्यक्षांची ही गत, तर सामान्य रुग्णाची काय कथा?

४/ आजारी मूत्रपिंडावरील चयापचयाचा भार हलका करावा, हा केम्पनर यांचा विचार. १९३९ पासून त्यांनी रुग्णांना भात, फळे, फळांचे रस आणि साखर एवढ्यावरच ठेवले. दिवसाकाठी प्रथिने सुमारे २० ग्रॅम, सोडियम सुमारे १५० मिलिग्रॅम. म्हणजे अर्ध्या ग्रॅमहूनही कमी मीठ!

५/ परिणाम थक्क करणारे होते. १९४८ मध्ये त्यांनी ५०० रुग्णांचा वृत्तांत छापला. जवळजवळ दोन-तृतीयांश रुग्णांना लाभ झाला होता. काहींच्या दृष्टिपटलाची छायाचित्रे आणि हृदयाची क्ष-किरण चित्रेही सुधारणा दाखवीत होती.

६/ पण श्रेय भाताचे होते काय? मीठ आणि रक्तदाब यांचे नाते आंबार व बोजार या फ्रेंच संशोधकांनी १९०४ मध्येच मांडले होते. केम्पनर यांच्या ताटात भात होता यापेक्षा मीठ नव्हते, हे अधिक महत्त्वाचे. लोणचे-पापडासह भात खाणाऱ्याने त्यांचे नाव घेऊ नये.

७/ केम्पनर यांनी तुलनेसाठी नियंत्रण गट ठेवला नाही. त्यामुळे गुण मीठ वर्ज्य केल्याचा, प्रथिने घटवल्याचा की वजन उतरल्याचा, हे त्यांच्या आकड्यांतून वेगळे काढता येईना. समकालीनांच्या शंकेला आधार होता. तिला कारस्थान म्हणणे हा अन्याय आहे.

८/ आणि दडपले कोणी? निबंध वैद्यक नियतकालिकांत छापून आले, उपचार ड्यूकमध्ये अनेक दशके चालले. १९५८ मध्ये क्लोरोथायझाइड बाजारात आले. ही गोळी करते काय? मूत्रपिंडावाटे मीठ बाहेर काढते! ती त्या भाताची वैरीण नव्हे, वारसदार आहे.

९/ नियंत्रित पुरावाही पुढे आला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॅश-सोडियम’ चाचणीत ४१२ जणांना मिठाचे वेगवेगळे प्रमाण देऊन पाहिले. मीठ घटले तसा रक्तदाब घटला. केम्पनर यांचे मर्म टिकले. टिकले ते परीक्षेमुळे, भक्तीमुळे नव्हे.

१०/ भक्तांनी एक पान गाळलेले असते. पथ्य मोडणाऱ्या रुग्णांना फटके मारल्याचे केम्पनर यांनी न्यायालयीन साक्षीत मान्य केले होते. शोध मोठा म्हणून माणूस निष्कलंक ठरत नाही. माणूस सदोष म्हणून शोधही खोटा ठरत नाही.

११/ हा वाद केवळ पुस्तकी नाही. असली चित्रफीत पाहून कोणी गोळ्या बंद केल्या, तर वाढलेला रक्तदाब वेदना न देता मूत्रपिंड पोखरीत राहतो. निकामी होत चाललेल्या मूत्रपिंडाला फळांतील पोटॅशियमही घातक ठरू शकते. केम्पनर आपल्या रुग्णांचे रक्त व लघवी वारंवार तपासत असत. घरबसल्या हे पथ्य करा, असे त्यांनी कधीच सांगितले नाही.

१२/ तेव्हा मित्रहो, मीठ जरूर कमी करा. पण ज्या माणसाने आयुष्यभर मोजमाप केले, त्याच्या नावाने मोजमापच टाकून देण्याचा उपदेश कोणी करीत असेल, तर त्याला इतिहासकार म्हणू नका.