धर्मांतरिताची साक्ष

धर्मांतराचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच पक्ष उभे राहतात. त्या माणसाला फूस लावण्यात आली, असे एक पक्ष म्हणतो; त्याला सत्याचा साक्षात्कार झाला, असे दुसरा म्हणतो. दोन्ही पक्ष त्याच्याविषयी भरपूर बोलतात; त्याच्याशी बोलण्याची गरज मात्र क्वचितच कोणास वाटते. त्यातून एखाद्याने इस्लाम स्वीकारला असेल, तर नातेवाईक, शेजारी, पुढारी आणि पोलीस असे सारेच त्याच्या निर्णयाची चिकित्सा करतात. त्याचे स्वतःचे म्हणणे सर्वांत शेवटी येते आणि तेही संशयानेच ऐकले जाते.

या प्रश्नाचा जितका जुना आणि विविध अनुभव अहिल्यानगर जिल्ह्याच्या गाठीशी आहे, तितका महाराष्ट्रात फार थोड्या जिल्ह्यांच्या असेल. चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांचे नाव या जिल्ह्याला २०२४ मध्ये मिळाले. त्यापूर्वीचे अहमदनगर हे नाव ज्याच्यावरून पडले होते, तो अहमद निजामशाह एका धर्मांतरित ब्राह्मणाचा मुलगा होता. फेरिश्ता हा इतिहासकार काही काळ अहमदनगरच्याच दरबारात सेवेला होता. तो सांगतो की, अहमदचा पिता मलिक हसन हा मूळचा तिमाभट. त्याचे घराणे पाथरीच्या कुलकर्ण्यांचे. बालपणी विजयनगरच्या मुलखात तो बहमनी फौजेच्या हाती सापडला, मुसलमान करण्यात आला आणि राजपुत्राच्या सोबतीने फारसी-अरबी शिकून वाढला. पुढे तो बहमनी राज्याच्या सर्वोच्च पदाला पोहोचला आणि १४८६ मध्ये बिदर येथे मारला गेला. त्याच्या मुलाने १४९० मध्ये स्वतंत्र सत्ता स्थापन केली व १४९४ मध्ये सीना नदीकाठी नवे शहर वसवावयास घेतले.

पकडून आणलेल्या मुलाच्या या धर्मांतराला स्वेच्छा म्हणता येणार नाही. ती बळजबरीच होय, आणि इतिहासात अशी बळजबरी घडली हे नाकारण्यात काहीही पुरोगामित्व नाही. परंतु कथा येथे संपत नाही. मलिक हसनचा पणतू शोभावा इतक्या दूरच्या काळात नव्हे, तर नातू बुऱ्हाण निजामशाह याच्याच कारकिर्दीत, १५१८ मध्ये, पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीकडून जिंकून घेण्यात आली. पूर्वजांचे गाव आपल्या राज्यात असावे ही इच्छा त्यामागे होती, आणि तेथील ब्राह्मण नातलगांना गाव इनाम मिळाले, असे फेरिश्ताच नमूद करतो. धर्म बदलला, भाषा बदलली, नाव बदलले. तरी तिसऱ्या पिढीलाही आपले कूळ आठवत होते आणि त्याची लाज वाटत नव्हती. धर्मांतर म्हणजे मुळांशी कायमची फारकत, या समजुतीला या जिल्ह्याच्या इतिहासानेच असा छेद दिला आहे.

स्वतः मलिक हसनच्या मनात काय होते, हे मात्र कोणीही लिहून ठेवले नाही. मलिक अंबरच्या बाबतीतही तेच घडले. इथिओपियात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. बगदादच्या धन्याकडे त्याने शिक्षण घेतले आणि तेथेच त्याला अंबर हे नाव मिळाले. पुढे निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. अहमदनगरचा किल्ला १६०० मध्ये मोगलांनी घेतल्यावर बुडते राज्य त्याने १६२६ पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत, सावरून धरले. त्याच्या जमीनमहसुलाच्या पद्धतीचा अभ्यास आजही होतो, त्याच्या गनिमी काव्याची चर्चा होते. इस्लाम हा त्याच्यावर लादला गेला की पोरक्या मुलाला तो आधार वाटला, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या तोंडून मिळत नाही. सत्तेचा इतिहास धर्मांतराची नोंद ठेवतो. धर्मांतरिताची साक्ष नोंदवीत नाही.

अशी साक्ष मिळते ती विसाव्या शतकात, आणि तीही याच जिल्ह्यात. मात्र धर्म निराळा. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या आणि पतिपत्नींची ताटातूट झाली. काही वर्षांनी त्या टिळकांकडे परतल्या. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, तो पतीच्या आज्ञेवरून नव्हे, तर आपल्या मनाची वाट आपणच चालून. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. सोवळे-ओवळे, माहेरचा आक्रोश, समाजाचा बहिष्कार आणि या साऱ्यातून हळूहळू बदलत गेलेले मन यांचे इतके प्रामाणिक चित्रण मराठीत दुसरे नसेल. ज्या समाजाने टिळकांना वाळीत टाकले, त्याच समाजाच्या शाळांतून पुढे त्यांच्या कविता शिकविल्या गेल्या. कारण एकच : त्या माणसांचे म्हणणे वाचकांपर्यंत पोहोचले.

कोपरगावच्या सीमेपलीकडे असलेल्या येवल्याचे उदाहरण तर याहून मोठे आहे. डॉ. आंबेडकरांनी हिंदू धर्म सोडण्याचा निर्धार तेथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी जाहीर केला. त्यानंतर मुस्लिम, शीख, ख्रिस्ती अशा विविध धर्मांच्या पुढाऱ्यांनी त्यांच्याकडे धाव घेतली. त्यांनी घाई केली नाही. नागपुरात बौद्ध धर्माची दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, म्हणजे एकवीस वर्षांनी. इस्लामचा मार्गही त्यांनी तपासला आणि तो स्वीकारला नाही. हा नकार जर आपल्याला विचारपूर्वक वाटतो, तर दुसऱ्या कोणाचा स्वीकारही विचारपूर्वक असू शकतो, हे मान्य करणे तर्काला धरूनच होईल.

धर्मांतर लोभाने होते, असे सर्रास म्हटले जाते. हिशेब मांडून पाहिला तर चित्र वेगळे दिसते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. इस्लाम वा ख्रिस्ती धर्म स्वीकारणारा दलित तो गमावतो आणि त्याबरोबर त्या दर्जावर अवलंबून असलेल्या शिक्षणाच्या, नोकरीच्या सवलतीही जातात. हिंदू विवाह कायद्यानुसार जोडीदाराचे धर्मांतर हे घटस्फोटाचे कारण ठरते. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २६ अन्वये धर्मांतरानंतर जन्मलेली मुले, वारसा खुला होतेवेळी हिंदू नसतील, तर हिंदू नातलगांच्या मालमत्तेस मुकतात. शिवाय भाड्याचे घर, मुलीचे लग्न, कचेरीतील कुजबुज यांची किंमत निराळीच. एवढा तोटा पत्करून कोणी पाऊल उचलत असेल, तर त्याच्या निर्णयामागे केवळ लोभ शोधणे हे अर्थशास्त्राच्याही विरुद्ध आहे.

अर्थात प्रत्येक धर्मांतर निर्मळ असते असे नाही. दुसरे लग्न करण्याची सोय म्हणून इस्लामचा आडोसा घेणाऱ्या पुरुषांना सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये फटकारले आणि पहिला विवाह कायम असताना केलेला दुसरा विवाह निरर्थक ठरविला, ते योग्यच झाले. दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क धर्मप्रसाराच्या स्वातंत्र्यात येत नाही, हा १९७७ चा घटनापीठाचा निर्णयही प्रसिद्ध आहे. पण २०१८ मध्ये, इस्लाम स्वीकारून विवाह केलेल्या केरळमधील एका सज्ञान तरुणीच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने तिला समोर बोलावून तिचे म्हणणे ऐकले आणि श्रद्धेची व जोडीदाराची निवड ही ज्याची त्याची आहे, असे ठरविले. बळजबरी रोखणे हे शासनाचे कर्तव्य. श्रद्धेची परीक्षा घेणे हे मात्र त्याचे काम नव्हे.

या दोहोंतील सीमारेषा आज पुसट होत आहे. उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्यानुसार धर्म बदलू इच्छिणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते आणि त्याच्या हेतूची चौकशी पोलिसांमार्फत होते. महाराष्ट्रातही अशा कायद्याचा विचार करण्यासाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. साठ दिवसांची ही सूचना म्हणजे व्यवहारात काय होते? कुटुंबाला, जमावाला आणि स्थानिक पुढाऱ्याला दबाव आणण्यासाठी मिळालेली मुदतच होय. बळजबरीपासून संरक्षण देण्यासाठी केलेली तरतूद उलट्या दिशेच्या बळजबरीचे साधन बनू नये, एवढे भान कायदा करणाऱ्यांनी राखले पाहिजे. तक्रार आली, तर त्या व्यक्तीला सुरक्षित जागी, कोणाच्याही दडपणाविना, स्वतःच्या शब्दांत बोलू द्यावे; त्यापलीकडे शासनाने जाऊ नये.

कायद्याहून अधिक काम समाजाचे आहे. आपल्या वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याने, आपल्या कचेरीतील एखाद्या सहकाऱ्याने धर्म बदलला, तर त्याचे नवे नाव सरळपणे उच्चारणे आणि त्याने सांगितलेले कारण शांतपणे ऐकणे, एवढे तरी सुशिक्षितांना जमावयास हरकत नसावी. त्याचे कारण पटलेच पाहिजे असे नाही. लक्ष्मीबाईंनाही पतीचे कारण अनेक वर्षे पटले नव्हते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी धर्म न बदलता विठ्ठलाची भक्ती केली, आणि त्यांना संत म्हणून स्वीकारताना या भूमीने त्यांच्याकडे कोणताही दाखला मागितला नाही. जो त्या दिशेने आला त्याला दाखला नाही, तर जो या दिशेने गेला त्याला तरी तो का मागावा?