ऐकतो सगळेच, पण रेडिओचा खर्च कुणी द्यायचा?

आमचा कसबा पेठेतला वाडा पाडून तिथे नवी इमारत व्हायची आहे. त्यामुळे गेला महिनाभर दुपारची शाळा आटोपली की माझे एकच काम, माळा रिकामा करणे. जुन्या घरात किती म्हणून वस्तू निघाव्यात! फुटके रोवळे, पाटे-वरवंटे, लग्नपत्रिकांचे गठ्ठे. त्यातच आजेसासऱ्यांच्या कागदांत एक चिमुकली पुस्तिका सापडली. आत पोस्टाचे शिक्के मारलेले होते. मला वाटले, बचतीचे पासबुक असेल.

सासूबाई हसल्या. "अगं, रेडिओचं लायसन ते! दरवर्षी पोस्टात जाऊन पंधरा रुपये भरायचे. मामंजी एक तारीख चुकवायचे नाहीत. बिनलायसनचा रेडिओ म्हणजे त्यांना चोरीच वाटायची."

माझ्या मुलीला तर हे खरेच वाटेना. रेडिओ ऐकायला पैसे? तुमच्यापैकी ज्या पन्नाशीच्या पुढच्या आहेत त्यांना आठवत असेल. पुढे १९८० नंतरच्या दशकात हे परवाने रद्द झाले आणि रेडिओ फुकट झाला. निदान आपल्याला तसे वाटू लागले.

पण फुकट काहीच नसते, हे आपल्यासारख्या घर चालवणाऱ्या बायकांना कुणी सांगायला नको. आकाशवाणीचा खर्च सरकार करते, तो आपल्याच करातून. खासगी एफएमचा खर्च जाहिरातदार करतात, तो साबण आणि तेलाच्या किमतीतून पुन्हा आपल्याच पिशवीतून जातो. म्हणजे दोन्हींचे पैसे आपण न कळत भरतोच. मात्र रेडिओचा एक तिसरा प्रकार आहे. तो उघडपणे हात पुढे करतो, आणि नेमके त्यालाच आपण "बघू पुढच्या महिन्यात" म्हणतो. त्याचे नाव सामुदायिक रेडिओ. आज त्याचाच हिशेब मांडायचा आहे.

आधी थोडे मागचे. आपल्याकडे रेडिओ आला तोच मुळी श्रोत्यांच्या पैशावर. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत एका खासगी कंपनीचे केंद्र सुरू झाले. परवान्याचे वर्षाला दहा रुपये, त्यातले आठ कंपनीला मिळायचे. कंपनीचा सारा भरवसा यावर आणि रेडिओ यंत्रांवरच्या पट्टीवर. पण सबंध देशात परवाने आठ हजारांच्या पुढे काही गेले नाहीत. यंत्रे महाग, आणि ज्यांच्याकडे होती त्यांतलेही कित्येक जण परवाना न काढताच ऐकत. १९३० च्या मार्चमध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. सरकारने केंद्र आपल्याकडे घेतले आणि पुढच्याच वर्षी तेही बंद करायला निघाले. लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा कुठे ते वाचले. 'ऐकू, पण पैसे दुसरा देईल' हा आपला स्वभाव असा शंभर वर्षांचा जुना आहे बरं का!

पुढे कित्येक वर्षे रेडिओ म्हणजे आकाशवाणी. आपले पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ चे. मग १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने एक मोठा निकाल दिला. ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्या एकट्या सरकारच्या नव्हेत. त्या निकालात प्रमुख होते ते न्यायमूर्ती पी. बी. सावंत. निवृत्तीनंतर ते पुण्यातच राहिले आणि २०२१ साली इथेच वारले. इतक्या मोठ्या निकालाचे कर्ते आपल्या गावात राहत होते, हे माझ्यासारख्या बी. ए. झालेल्या बाईलाही उशिरा कळले.

या निकालानंतरही दार किलकिलेच उघडले. २००२ च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना लहान केंद्रे चालवण्याची मुभा मिळाली, आणि २००६ साली सेवाभावी संस्थांनाही. आज देशात अशी पाचशेच्या आसपास केंद्रे आहेत. आपल्या विद्यापीठाचे 'विद्यावाणी' आहे. बारामतीला 'वसुंधरा वाहिनी', सांगली जिल्ह्यात जालिहाळला 'येरळावाणी'. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' २००८ साली सुरू झाली. तिच्यामागची संस्था तुम्हाला ठाऊक असेल. ज्या खेड्यातल्या बायकांना अंगठेबहाद्दर म्हणून बँकेचा परवाना आधी नाकारला गेला होता, त्यांनी १९९७ मध्ये तो मिळवून स्वतःची बँक उभी केली. नंतर त्याच संस्थेने रेडिओही काढला. आंध्रात, म्हणजे आताच्या तेलंगणात, पस्तापूरजवळच्या दलित शेतकरी बायकांनीही त्याच वर्षी 'संगम रेडिओ' सुरू केला. बाजरीचे बियाणे आणि सणाची गाणी, सगळे त्यांच्याच तोंडून.

आता खर्चाकडे येऊ. या केंद्राची ताकद असते शंभर वॅट. आपल्याकडे पूर्वी माजघरात जो पिवळा बल्ब असायचा ना, तेवढी! आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो. तेवढ्यासाठी यंत्र हवे, मनोरा हवा, वीज हवी, आणि ध्वनिमुद्रण कापून जोडणारी माणसे हवीत. यंत्र एकदाच घ्यावे लागते, त्याला देणगीदारही मिळतो, कारण त्यावर नावाची पाटी लावता येते. पण वीजबिलावर कुणाची पाटी लागते का? घरातही तसेच असते. फ्रिज माहेरून येतो, तो चालवायचे बिल मात्र आपणच दर महिन्याला भरायचे. ही केंद्रे बंद पडतात ती यंत्रावाचून नव्हे, या दर महिन्याच्या खर्चावाचून.

जाहिराती घेता येतात, पण बांधून दिलेल्या. २०२४ साली तासाला सात मिनिटांची मर्यादा बारा मिनिटांवर नेली, आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना बावन्न रुपयांवरून चौऱ्याहत्तर केला. मी शाळेत गणित शिकवते, म्हणून लगेच मांडून पाहिले. बारा मिनिटे म्हणजे दहा-दहा सेकंदांचे बहात्तर तुकडे. म्हणजे तासाला ५,३२८ रुपये. ऐकायला छान वाटते, नाही? पण हे झाले सगळे तुकडे भरले तर. दहा किलोमीटरच्या केंद्राला इतक्या जाहिराती देणार कोण? शिवाय स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही, आकाशवाणीच्याच पुन्हा लावायच्या. ज्या गोष्टीसाठी माणूस रोज हटकून रेडिओ लावतो तीच हातात नाही.

आणि सरकारी फी एकाएकी वाढली तर? २०१२ साली तेच झाले. ध्वनिलहरींची वर्षाची फी १९,७०० होती ती ९१,००० करायला निघाले. तेव्हा देशभरच्या केंद्रांनी एक दिवस मौन पाळून निषेध केला आणि ती वाढ मागे घ्यावी लागली. बोलणे हेच ज्यांचे काम, त्यांना गप्प बसून आपले म्हणणे मांडावे लागले.

आता माझी स्वतःची कबुली. गेल्या वर्षी अशाच एका केंद्राची मुले आमच्या शाळेत आली होती. नाव इथे नको. 'आजीला विचारा' असा दर आठवड्याचा कार्यक्रम होता. आमच्या वर्गातल्या मुलींनी आपापल्या आज्यांना बोलते केले. तांबट आळीतल्या एका आजींनी घरातल्या ठोक्यांवरून भांडे कुठवर आले ते कसे कळायचे ते सांगितले, आणि आमच्या सासूबाई वाड्यातल्या मंगळागौरीवर पाच मिनिटे बोलल्या. ज्या दिवशी तो भाग लागला त्या दिवशी वाड्यातली उरलेली चारही बिऱ्हाडे आमच्या ओटीवर जमली होती. सासूबाई इतक्या लाजल्या की विचारू नका.

महिन्याभराने केंद्राकडून चिठ्ठी आली. ज्यांना जमेल त्यांनी वर्षाला दोनशे रुपये द्यावेत, म्हणजे कार्यक्रम चालू ठेवता येईल. मी ती चिठ्ठी दळणाच्या यादीखाली खोचून ठेवली. द्यायचे नव्हते असे नाही, राहून गेले. सगळ्यांचेच राहून गेले. दिवाळीनंतर कळले की कार्यक्रम बंद झाला. ध्वनिमुद्रण जोडणाऱ्या मुलीला मानधन देणे परवडेना. त्या आठवड्यांत आम्ही ओटीवर बसून तेलकट चकल्या खाल्ल्या, त्याचेच दोनशेच्या वर झाले असतील.

सासूबाई एवढेच म्हणाल्या, "वाडा जाणार हे ठाऊक होतं. वाड्याबद्दल बोलायची जागा पण गेली म्हणायची." मला त्या दिवशी जेवण गोड लागले नाही.

तुम्ही म्हणाल, श्रोत्यांच्या वर्गणीवर कुठे रेडिओ चालतो का? चालतो. अमेरिकेत बर्कले गावी १९४९ साली लुइस हिल नावाच्या गृहस्थांनी केपीएफए हे केंद्र याच तत्त्वावर काढले. त्यांचा अंदाज साधा होता, शंभर श्रोत्यांपैकी दोघांनी नेमाने वर्गणी दिली तरी पुरे. पुढच्याच वर्षी पैसे संपून केंद्र बंद पडले. मग श्रोत्यांनीच निधी जमवला आणि १९५१ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. शंभरांतल्या दोघी! आपल्या एका गल्लीतसुद्धा निघतील.

आणि पैशाइतकीच गरज असते ती श्रोत्याने तोंड उघडण्याची. २०२३ च्या जूनमध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा हुकूम निघाला होता. पुण्यातून ओरड झाली आणि हुकमाला स्थगिती मिळाली. ते तर सरकारी केंद्र. लहान केंद्र बंद पडते तेव्हा ओरडसुद्धा होत नाही.

तर मैत्रिणींनो, आपल्या हातात काय आहे ते सांगते.

पहिले म्हणजे ऐका आणि कळवा. आपल्या गावाजवळ असे केंद्र आहे का त्याची चौकशी करा. कार्यक्रम आवडला किंवा नाही आवडला तरी फोन करा, चार ओळी लिहा. जाहिरातदारापुढे ठेवायला केंद्राजवळ तुमच्या पत्राशिवाय दुसरा पुरावा नसतो.

दुसरे, हिशेबाच्या वहीत एक ओळ घाला. महिन्याला वीस रुपये. एकदम हजार देणारा एक जण पुढच्या वर्षी विसरतो, वीस-वीस देणाऱ्या पन्नास जणींवर केंद्राला भरवसा ठेवता येतो. पैसे संस्थेच्या नावाने द्या आणि पावती मागून घ्या. वर्षाचा जमाखर्च विचारायलाही संकोच करू नका, तो आपला हक्क आहे.

तिसरे, संक्रांतीचे वाण. प्लॅस्टिकच्या वाट्या आणि चाळण्या आपल्या सगळ्यांच्याच घरात ढिगाने पडल्या आहेत. एखाद्या वर्षी महिला मंडळाने ठरवून वाणाचे पैसे केंद्राला द्यावेत, आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना तीळगुळाबरोबर केंद्राचा नंबर लिहिलेली चिठ्ठी द्यावी.

चौथे, तुमच्यापैकी कुणी पापड-लोणची करते, कुणी ब्लाउज शिवते, शिकवण्या घेते. मोठ्या एफएमवरची जाहिरात आपल्याला झेपायची नाही. इथली झेपेल, आणि गिऱ्हाईकही हाकेच्या अंतरावरचेच मिळेल.

आणि शेवटचे. २०२४ च्या नव्या नियमांप्रमाणे या केंद्रांच्या सल्लागार समितीत निम्म्या बायका असायला हव्यात. कुणी विचारले तर "आम्हाला काय कळतंय त्यातलं" म्हणून मागे सरू नका. दर महिन्याला तुटीचा हिशेब जुळवणारीला नाही कळणार तर कुणाला?

मी परवा केंद्रावर जाऊन दोनशे रुपये भरून आले, उशिराने का होईना. आमच्या वर्गाच्या पालकसभेतही विषय काढला आहे. चौदा जणींनी नावे दिली. मानधनाला अजून कमी पडते, पण त्या मुलीने महिन्यातून एक भाग करायचे कबूल केले आहे. वाडा पाडायला सुरुवात होण्याआधी शेजारच्या दोन आज्यांचे बोलणे तरी उरकून घ्यायचे आहे.

लायसनची पुस्तिका रद्दीत घातलेली नाही. हिशेबाच्या वहीत दूध आणि वर्तमानपत्र यांच्या खाली आता 'रेडिओ, वीस रुपये' अशी ओळ आली आहे, आणि पुस्तिका त्याच पानात ठेवली आहे. तुमच्या भागात असे केंद्र असेल आणि ते कसे चालते हे तुम्हाला ठाऊक असेल, तर जरूर लिहा. पुढच्या एखाद्या अंकात त्याबद्दल बोलू.