हिरवा, पण कोणत्या हिशेबाने?

हायड्रोजन हा वायू स्वभावतः रंगहीन आहे. त्याला करडा, निळा, हिरवा अशी जी विशेषणे लाभली आहेत ती त्याच्या जन्मकथेवरून. आणि जो तो सांगेल ती जन्मकथा खरी मानण्याचा प्रघात पडला, तर त्या विशेषणांना काडीचाही अर्थ उरणार नाही. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. सार्वजनिक तिजोरीतून ज्या विशेषणासाठी पैसा द्यावयाचा, ते कोणत्या मापाने ठरते हे विचारण्याचा नागरिकांना पूर्ण अधिकार आहे.

हे माप सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये ठरविले. १ किलो हायड्रोजनमागे कार्बन डायऑक्साइडच्या परिमाणात २ किलोंहून अधिक उत्सर्जन होता कामा नये, आणि त्यात पाण्याच्या शुद्धीकरणापासून वायूवर दाब देण्यापर्यंतची सर्व कामे धरावयाची, असा हा दंडक आहे. ट्रॉम्बे व थळ येथील खतकारखान्यांत अमोनियासाठी नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढतात. त्या पद्धतीत किलोमागे साधारणतः ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. त्या मानाने ही मर्यादा कडक आहे, आणि ती घातल्याबद्दल सरकारचे अभिनंदनच केले पाहिजे.

परंतु ग्यानबाची मेख पुढेच आहे. पाण्याचे विघटन करून १ किलो हायड्रोजन मिळविण्यास सुमारे ५० युनिट वीज लागते, आणि आपल्या वीजजाळ्यातील एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सगळी वीज जाळ्यातून घेतली तर उत्सर्जन ३५ किलोंवर जाईल, म्हणजे जुन्या पद्धतीच्या तिपटीहून अधिक! पन्नासांपैकी अवघी ३ युनिटे अशी घेतली, तरी मर्यादा ओलांडली जाते. आता २०२२ च्या धोरणाने सौर व पवन वीज ३० दिवसांपर्यंत जमा ठेवून मागाहून उचलण्याची सवलत दिली आहे, आणि २ किलोंची मर्यादाही १२ महिन्यांच्या सरासरीवर तपासावयाची आहे. दुपारी जमा केलेली वीज सूर्याची. रात्री उचललेली बहुधा कोळशाची. वहीत मात्र दोन्ही एकाच रंगाच्या दिसतात.

यावर उद्योजक म्हणतील की, दुपारी दिलेल्या विजेने तेवढा कोळसा वाचतोच, आणि बाल्यावस्थेतील उद्योगावर तासातासाच्या हिशेबाचे ओझे लादले तर तो उभाच राहणार नाही. हा युक्तिवाद सर्वस्वी गैर नाही. तथापि सवलतीला मुदत हवी. युरोपीय संघाने २०२९ अखेरपर्यंत मासिक हिशेब चालवून घेऊन २०३० पासून तासाचा हिशेब सक्तीचा केला आहे. आपल्याकडेही तशी तारीख आजच जाहीर व्हावी.

दुसरी गोष्ट प्रसिद्धीची. एप्रिल २०२५ मध्ये प्रमाणपत्रांची योजना सुरू झाली, आणि तपासणी करणाऱ्या संस्थांना मान्यता देण्याचे काम ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोकडे आले. हे योग्यच झाले. पण प्रमाणपत्र म्हणजे केवळ निकाल. उत्तरपत्रिका पाहावयास मिळाल्यावाचून निकालावर विश्वास बसत नाही. अमेरिकेत २००९ च्या नियमाने वर्षाला २५,००० टनांहून अधिक उत्सर्जन करणाऱ्या हायड्रोजन कारखान्यांवर अहवालाचे बंधन घातले, आणि प्रत्येक कारखान्याचा आकडा नावानिशी लोकांपुढे आला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच सरकारने बहुतेक उद्योगांवरील हे बंधन काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला. त्याचे अनुकरण करण्याचा मोह आपल्याकडे कोणास न होवो.

प्रत्येक कारखान्याचे, आणि त्यात जुन्या पद्धतीचेही कारखाने आले, मीटरवरील आकडे दरवर्षी जनतेसमोर ठेवले जावेत, एवढीच आमची मागणी आहे. ज्याचा हिशेब चोख आहे, त्याला तो उघड करण्याचे भय असण्याचे कारण नाही.