‘बेनाम’ला ओळखपत्र मागू नका

हुमा भाभा १९६२ साली कराचीत जन्मल्या आणि १९८१ मध्ये शिकायला अमेरिकेत गेल्या. तिथेच शिल्पकार झाल्या. २०१८ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या गच्चीवर त्यांची दोन शिल्पे मांडली गेली. एक अनेक मुखांचे, ताठ उभे. दुसरे त्याच्यापुढे जमिनीला टेकलेले, काळ्या आवरणाखाली झाकलेले, हात बाहेर. त्याचे नाव ‘बेनाम’. हा सजदा आहे, शरणागती आहे की मय्यत?

पश्चिमेकडच्या काहींना त्यात फक्त बुरखा दिसेल. आपल्यातल्या काहींना फक्त बुत दिसेल. दोघेही शिल्प पाहत नाहीत, शिल्पकाराचा मजहब तपासतात.

या मांडणीचे शीर्षक १९५१ च्या एका अमेरिकन विज्ञानपटातल्या परग्रहवासीयाच्या शांततेच्या संवादावरून घेतलेले आहे. सिनेमा म्हणजे उथळपणा, असे म्हणणाऱ्यांनी इथे थांबावे. परग्रहवासी आणि परदेशी, दोघांनाही इंग्रजीत ‘एलियन’च म्हणतात; अमेरिकेच्या कायद्यातही परदेशी माणसाला हाच शब्द आहे. ही शिल्पे गच्चीवर असतानाच, जून २०१८ मध्ये, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने काही मुस्लिमबहुल देशांवरील प्रवासबंदी वैध ठरवली. मग तो फिल्मी संवाद फिल्मी उरतो का?

स्थलांतरिताच्या आठवणीत वतन असते, तसा पडद्यावरचा राक्षसही असतो. आम्हा मराठी मुस्लिम लेखकांकडूनही तलाक आणि दंगल एवढेच मागितले जाते. आमच्या आठवणींची यादी दुसऱ्यांनी का करावी?