चहा राहू द्या, आरसी दाखवा

रमजान ईद आटोपली, लग्नसराई जवळ आली की घराघरांत गाडीचा विषय निघतो. नवी गाडी म्हटली की बहुधा बँकेचे कर्ज आले, आणि कर्जाबरोबर व्याज. ते टाळायचे म्हणून आपल्यातील पुष्कळ कुटुंबे साठवलेल्या रोख पैशात वापरलेली गाडी घेतात. रायगड-रत्नागिरीकडे आखातातून सुट्टीवर आलेला मुलगा महिनाभरात गाडी बघून, पैसे मोजून ती अब्बांच्या दारात उभी करून परत जातो. वेळ थोडा, रक्कम हातात आणि गाडीतले कळते बेताचे. असे गिऱ्हाईक विकणाऱ्याला आवडले नाही तरच नवल.

मग कोणीतरी सांगतो, "तिथे जा, त्यांची सर्व्हिस फार चांगली आहे." सर्व्हिस म्हणजे काय, हे विचारले तर उत्तर मिळते: एसी ऑफिस, बसल्याबरोबर चहा, मुलांना थंड, गाडीला हार आणि मोठ्या पुठ्ठ्याच्या चावीसह फोटो. यात वाईट काही नाही. पण हे सगळे पैसे देईपर्यंतचे आदरातिथ्य झाले. आमच्या मते जुन्या गाडीच्या विक्रेत्याची पारख दोन ठिकाणी होते. न विचारता तो गाडीतला दोष सांगतो का? आणि पैसे घेतल्यावर आरसी तुमच्या नावावर करून देतो का?

दोष सांगण्याची गोष्ट आपल्याला नवी नाही. प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेच्या बाजारात धान्याच्या ढिगाजवळ थांबले, हात आत घातला तर बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग भिजलेले वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असे प्रेषितांनी त्याला विचारले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे आणि आपल्या मुलांनाही ठाऊक असते. फिकहमध्ये तर लपवलेला ऐब नंतर उघड झाल्यास माल परत करण्याचा हक्क खरेदीदाराला दिला आहे, त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. आता ढीग धान्याचा नाही, पत्र्याचा आहे, आणि ओल गालिच्याखाली असते.

ओल हा शब्द येथे शब्दशः घ्यावा. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड पाण्यात गेले, तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते कोकणातल्या वाचकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. पुरात बुडालेली गाडी विमा कंपनी पुष्कळदा पूर्ण नुकसानीत काढते, ती लिलावात जाते आणि त्यातल्या काही दुरुस्त होऊन, पॉलिश होऊन दुसऱ्या जिल्ह्यात पुन्हा विक्रीला येतात. अशी गाडी ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा, त्याच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंज, स्टेपनीच्या खड्ड्यातली बारीक माती आणि अत्तर फवारूनही न जाणारा कुबट वास, ही आणखी लक्षणे. बुडालेली गाडी विकूच नये असे आमचे म्हणणे नाही. बुडाली होती हे सांगावे आणि त्याप्रमाणे किंमत लावावी.

मीटरचेही तसेच. "डॉक्टरांची गाडी आहे, फक्त रविवारी बाहेर निघायची" हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की महाराष्ट्रातले सगळे डॉक्टर रविवारीच फिरतात की काय, असे वाटू लागले आहे. मीटर ३०,००० किलोमीटर दाखवते आणि ब्रेकच्या पॅडलचे रबर गुळगुळीत झालेले, स्टिअरिंग घासून चकचकीत झालेले असेल तर कोणीतरी खोटे बोलते आहे, आणि रबर खोटे बोलत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी कधी आली आणि तेव्हा किती चालली होती याची नोंद असते. चांगला विक्रेता ती स्वतःहून समोर ठेवतो. तुमचा मिस्त्री आणायला तो हरकत घेत नाही, गाडी जॅकवर चढवू देतो आणि सकाळी इंजिन थंड असताना तुमच्यासमोर सुरू करतो. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन पुष्कळ दुखणी लपवते.

मुंब्र्यातल्या एका लहान विक्रेत्याकडे आम्ही प्रत्येक गाडीच्या काचेवर आतून चिठ्ठी चिकटवलेली पाहिली. एकीवर लिहिले होते: डावा दरवाजा बदललेला, एसी कमी थंड, क्लच वर्षभरात करावा लागेल. त्याच्याकडे चहा मिळाला नाही. गिऱ्हाईक मात्र एकमेकांच्या सांगण्यावरून येत होते. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावरच निबंध लिहिला. खरेदीदाराला चांगली-वाईट ओळखता येत नसेल तर तो सरसकट कमी भाव देतो, मग चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो आणि खराब गाड्या उरतात, असे त्याचे म्हणणे. २००१ साली त्याला नोबेल मिळाले. काचेवरच्या त्या चिठ्ठीचे मोल यावरून कळावे.

आणखी एक गोष्ट खटकते. शिक्षिका असलेली बाई स्वतःच्या पगारातून गाडी घेते, चालवणार तीच, आणि विक्रेता सगळे बोलतो तिच्या शौहरशी. तिला विचारतो फक्त रंग आवडला का!

आता कागद. विकणाऱ्याने त्याच राज्यात १४ दिवसांत आणि दुसऱ्या राज्यात ४५ दिवसांत विक्री आरटीओला कळवायची असते. घेणाऱ्याला ३० दिवस असतात. फॉर्म २९ आणि ३० भरून घ्यावेत, गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. दिल्लीकडून स्वस्तात आलेल्या गाडीला तिकडच्या आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा कर वेगळा, तो भावात धरलेला आहे का ते विचारावे. सह्या केलेले कोरे फॉर्म खिशात घालून घरी येऊ नये. २००७ साली विकलेली एक गाडी नावावर न होता हातोहात फिरली आणि २००९ साली तिच्याखाली माणूस गेला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या पहिल्या मालकावरच ठेवली. "मामेभावालाच दिली, घरातच आहे" म्हणून वर्षानुवर्षे नाव न बदलणाऱ्या आपल्या नातेवाइकांना हा निकाल जरूर सांगावा.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी आरटीओच्या अधिकृत प्रमाणपत्राचा नियम आहे. अशा व्यापाऱ्याकडे गाडी रीतसर सोपवली की विकली जाईपर्यंत मालक म्हणून जबाबदारी त्याची. प्रमाणपत्र मागायला संकोच नको. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस त्याच्याचकडे राहतो, त्यामुळे हप्ता वाढतो. हे आधी सांगणारा विक्रेता आमच्या दृष्टीने फुले देणाऱ्यापेक्षा बरा.

व्यापाऱ्याने फसवले तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर सांगता येते. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या गाडीला फी नाही. धंदा नसलेल्या खाजगी माणसाकडून घेतलेल्या गाडीला मात्र हा मार्ग सहसा चालत नाही.

म्हणून बयाणा देताना पावतीवर तीन ओळी जास्त लिहून घ्याव्यात: मीटरचा आकडा, गाडीला अपघात किंवा पूर लागला आहे की नाही, आणि आरसी किती तारखेपर्यंत नावावर होईल. खाली विक्रेत्याची सही आणि शिक्का. शिवाय थोडी रक्कम आरसी हातात येईपर्यंत मागे ठेवावी, आणि तेही त्याच पावतीवर लिहावे.